साहेब फाट्यावर आलेत

लग्नात माईकवरून बोलणाऱ्या माणसाचं काहीच खरं धरू नका. मी कुणाची निंदा करत नाहीये. तो माणूस मीच आहे.

आमच्या बीड जिल्ह्यात लग्नाला बँड उशिरा आला तर एक वेळ चालतं, माईकवाला वेळेवर लागतो. पत्रिकेत शंभर नावं, मंडपात दीड-दोन हजार माणसं, पुढं भाड्याचे सोफे. कोण आलं, कुणाला फेटा बांधला, कुणाची गाडी आडवी लागली, हे सगळं माईकवरून कळावं लागतं. ज्याचं नाव माईकवर आलं नाही तो लग्नाला आला असं कुणी धरत नाही. तो स्वतःही धरत नाही. चार वेळा बुंदी मागून घेतलेला माणूस वर्षभर सांगत फिरतो, "आमाला कुणी इचारलं बी न्हाई."

मी या धंद्यात आलो तो आवाजाच्या जोरावर. आवाज मोठा, बुद्धी बेताची. असा मेळ बसला की माणूस पुढारी तरी होतो, नाही तर माईकवाला. पुढारी व्हायला मागं चार भाऊ लागतात. मला तीन बहिणी.

आता आमच्या धंद्यातली एक लाजिरवाणी गोष्ट. मी ज्यांना "आपल्या सर्वांचे लाडके, दीनदुबळ्यांचे कैवारी" म्हणतो त्यातल्या अर्ध्या लोकांना मी ओळखतच नाही. कुणीतरी हातात चिठ्ठी कोंबतं, मी वाचतो. चिठ्ठी नसली तर कपडे बघतो. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळा गॉगल आणि मागं दोन माणसं असली की मी आवाज चढवतो. धारूरच्या एका लग्नात असाच एक रुबाबदार माणूस थेट स्टेजकडं चालत आला. मी त्याला "युवकांचे आशास्थान" करून टाकलं, शाल दिली, फेटा बांधायला लावला, पहिल्या सोफ्यावर बसवलं. तो काहीतरी सांगायला बघत होता, पण माझ्यापुढं कुणाचं काय चालतंय! तासाभरानं कळलं की तो पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर होता आणि टँकर कुठं लावू एवढंच विचारायला आला होता. तोवर मंडपातलं पाणी संपलं होतं. पाणी का नाही म्हणून माणसं आचाऱ्याला शिव्या देत होती आणि पाणी आणणारा फेटा बांधून पेढा खात होता.

मी एकटाच असा आहे असं समजू नका. एका मंडपावर पोट भरणारे आम्ही चार-पाच जण, एकमेकांची पापं जाणून असतो. फोटोवाला बघा. मावश्या-आत्यांचा घोळका "आमचा एक काढ की रं" म्हणून मागं लागला की तो नुसता लखकन उजेड पाडतो. आत काही उमटतच नाही. मावश्या खूश होऊन पदर सारखा करतात. आचारी बघा. पत्रिकेपेक्षा माणसं जास्त दिसायला लागली की तो वांग्याच्या भाजीत तिखटाचा एक हात जादा मारतो. दोन घास झाले की माणूस पाण्याकडं वळतो आणि घरी जाऊन सांगतो, "भाजी काय झणझणीत केलती!" गुरुजींकडं मंगलाष्टकं दोन मापांची. पुढारी वाटेत असला की लांबवायची वेगळी आणि स्वतःला भूक लागली की आवरायची वेगळी.

आणि माझा फेटेवाला दोस्त. आम्ही सतरा गावांच्या लग्नांत जोडीनं फिरलोय. त्याचे फेटे कोणत्या साली धुतले होते हे त्यालाही आठवत नाही. सकाळी एका गावच्या सोयऱ्याच्या डोक्यावरून उतरलेला फेटा दुपारी दुसऱ्या गावच्या व्याह्याच्या डोक्यावर चढतो, वरून अत्तराचा एक फवारा. आणि साहेबांचा फेटा तर तो डोक्यावर बांधतच नाही. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी, दिवसाला आठ लग्नं करतात. त्यांचं डोकं एका जागी थांबत नाही, एका कानाला फोन असतो. म्हणून हा बाबा सकाळीच स्वतःच्या उघड्या गुडघ्यावर फेटा बांधतो, टाचण्या मारतो आणि साहेब आले की टोपीसारखा चढवतो. "साहेबाचं डोस्कं अन् माझा गुडगा, एकच माप हाय बे," असं त्यानं मला एकदा कानात सांगितलं आणि आजूबाजूला बघून घेतलं.

माझं स्वतःचं सगळ्यात मोठं पाप म्हणजे फाटा.

मुहूर्त असतो दुपारी बारा पस्तीसचा. साहेब येतात अडीचला. साहेबांशिवाय अक्षता टाकायच्या नाहीत ही आमच्याकडची रीत, पंचांगाहून वरची. मग एवढ्या माणसांना उन्हात धरून कसं ठेवायचं? "साहेबांना उशीर होतोय" म्हटलं तर माणसं मोटारसायकलला किक मारतात. "साहेब निघालेत" म्हटलं तर जेवणाच्या पंगतीकडं पळतात. पण "साहेब फाट्यावर आलेत" म्हटलं की उठलेला माणूससुद्धा परत खाली बसतो. फाटा म्हणजे मोठ्या रस्त्यावरून गावाकडं वळायची जागा, पाच मिनिटांचं अंतर. पाच मिनिटांसाठी कोण उठणार? अशी पाच-पाच मिनिटं जोडून मी एकदा पावणेतीन तास काढलेत. घरी बायकोला विचारलं, जेवायला किती वेळ आहे, तर ती शांतपणे म्हणते, "भाकरी फाट्यावर आलीय."

तर तलवाड्याचं ते लग्न.

मे महिना. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवरून परतलेल्या, त्यामुळं लग्नांची नुसती झड. गावाबाहेरच्या रानात मंडप. मुलगी गावातलीच. मुलाकडचे जरा तालेवार. नवऱ्या मुलाचे वडील म्हणजे साहेबांचा खास माणूस. ते सकाळी दहालाच माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "सर, एक ध्यानात ठिवा. साहेब आल्याबिगर अक्षता पडायची न्हाई. माझ्या इज्जतीचा सवाल हाय." आमच्याकडं माईकवाल्याला सर म्हणतात. शाळेत मी कधी पहिल्या तीस नंबरांत आलो नाही, पण सर झालो तो असा. मुलीचे वडील शेजारी उभे होते. त्यांनी "बराबर हाय" म्हणून मान हलवली. ते सकाळपासून सगळ्यालाच मान हलवत होते.

बारा चाळीसला मी पहिल्यांदा साहेबांना फाट्यावर आणलं. त्याच वेळी साहेबांच्या गाडीतला कार्यकर्ता मला फोनवर सांगत होता, "धारूरलाच हाय आमी. साहेब परत आंगुळीला गेलेत." बारा पन्नासला परत फाट्यावर आणलं. एकला आणलं. सव्वाला आणलं. दीडला तर मी साहेबांच्या गाडीचा धुरळासुद्धा दाखवला. लांबून एक ट्रॅक्टर येत होता, त्याचा. पावणेदोनला सहावी खेप. मग परत फोन लावला. "कपिलधारला दर्शनाला थांबलेत साहेब," तिकडून आवाज आला, मागं देवळातल्या घंटेचा ठणठणाट. मी मनात हिशेब केला. कपिलधारहून बीड, तिथून गेवराईच्या अंगानं तलवाडा, सगळं धरून दीड तास. मी घसा ओला केला आणि सातव्या फाट्याच्या तयारीला लागलो.

माझी बसायची जागा स्टेजच्या मागं, पडद्याआड. तिथं ॲम्प्लिफायर, वायरींची गुंतवळ आणि आमची पत्र्याची पेटी. पडदा हलला आणि नवरी आत आली. अंगावर शालू, डोक्याला मुंडावळ्या, हातात मेंदी कोपरापर्यंत. मला वाटलं चक्कर आली असेल, पाणी मागतेय.

"काका, पेटी उघडा. माझी फाईल हाय आत."

"फाईल? माझ्या पेटीत?"

"सकाळीच ठिवली. घरात समद्या खोल्यांत पाव्हणे. हितं शॉक बसतो म्हणून कुणी हात लावत न्हाई, म्हणून हितं ठिवली."

खरंच, वायरींच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली निळी फाईल होती. एकोणीस वर्षं मी ती पेटी वापरतोय, तिचा इतका चांगला उपयोग मला कधी सुचला नाही.

तिनं मला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून तिची निवड झाली होती. पत्रिका छापून वाटून झाल्यावर पत्र आलं: कागदपत्रं तपासायला बीडला हजर राहा, तारीख नेमकी हीच, वेळ चारपर्यंत. गैरहजर राहिलं तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. बारा पस्तीसला लग्न लागलं असतं तर ती एव्हाना बीडच्या वाटेला असती.

"घरच्यांना माहिती हाय का?"

"समद्यांना हाय. मामंजी म्हणले, नोकरीचं काय एवढं, आपल्या घरी काय कमी हाय. माझे बापू गप बसले. ह्यांनी जीप रस्त्याकडं तोंड करून लावलीय सकाळपासून." 'ह्यांनी' म्हणजे नवऱ्या मुलानं. मला तो पोरगा एकदम आवडला. "काका, तीन वर्षं अभ्यास केला मी. अडीचला निघाले न्हाई तर गेलं समदं."

"पोरी, साहेब कपिलधारला हायत. मी काय करू?"

तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. "तुमी सहा बारी साहेब फाट्यावर आले म्हणून सांगितलं. आता सातव्यांदा सांगा, मंडपात आले म्हणून. कावून जमंना?"

कावून जमंना! का नाही जमणार? एवढी साधी गोष्ट! इतकी वर्षं मी साहेबांना फाट्यापर्यंत आणून सोडत होतो. आणखी पाच मिनिटांचा रस्ता ओलांडायची माझी कधी छाती झाली नव्हती. खोटं बोलण्याची भीती नव्हती, ते तर रोजचंच. पण दीड हजार माणसांसमोर नसलेला माणूस आणायचा? नवरी गेली आणि मी फेटेवाल्याला आत ओढला. सगळं सांगितलं. तो हसू आवरत म्हणाला, "याड लागलं का बे तुला? दोघांची बी हाडं मोडतेन."

"साहेब दिसतात कुणाला?" मी म्हणालो. "आठव जरा. पांढऱ्या कपड्यांचा घोळका येतो, फटाके वाजतात, मधी तुरा हलतो. साहेब ठेंगणे. तुरा सोडून कुणाला काय दिसलंय आजवर?"

मग त्यानं गुडघ्यावरचा फेटा उचलला, तो गुलाबी, जरीचा, वीतभर तुऱ्याचा. स्वतःच्या डोक्यावर ठेवून बघितला. चपखल बसला. "आयला," तो म्हणाला, "माझं डोस्कं बी गुडग्याएवढंच हाय की!"

आता माईक हातात घेतल्यावर मला काय झालं ते सांगता येणार नाही. अंगात वारं शिरलं. "तमाम वऱ्हाडी मंडळी, ज्या क्षणाची आपण सकाळपासून वाट बघत होतो तो क्षण आलाय! दीनदुबळ्यांचे कैवारी, कार्यसम्राट, आपले सर्वांचे लाडके साहेब आपल्या मंडपाच्या कमानीत दाखल झालेले आहेत! बँड! फटाके! फोटोवाले, कमानीकडं!"

काय सांगू तुम्हाला! बँडवाले बसल्या जागेवरून उडाले. फटाक्याची माळ पेटली. सहा वेळा फसलेली माणसं सातव्यांदा अशी धावली की कमानीपाशी आपोआप घोळका तयार झाला. मागच्यांना वाटलं पुढच्यांना साहेब दिसलेत. पुढच्यांना वाटलं मागून ढकलतायत म्हणजे साहेब मागं आहेत. प्रत्येक जण टाचा उंचावून मधे बघत होता आणि मधोमध, धुरातून, गुलाबी तुरा हलत होता! फोटोवाल्याचा उजेड पडत होता. कुणी "साहेब, इकडं!" म्हणून ओरडलं. नवऱ्या मुलाचे वडील गुलाबाचा भला मोठा हार घेऊन त्या गर्दीत शिरले आणि दिसेनासे झाले. मी स्टेजवर नाचायचाच बाकी होतो. असं भव्य आगमन खऱ्या साहेबांचं कधी झालं नव्हतं!

आणि इथंच मी माती खाल्ली.

माईकवाल्याची जीभ ठरलेल्या रुळावरून धावते. आगमन झालं की पुढचं वाक्य आपोआप येतं, त्यात डोकं लागत नाही. मी छाती भरून म्हणालो, "आता मी साहेबांना विनंती करतो की त्यांनी वधूवरांना आशीर्वादपर दोन शब्द बोलावेत."

बँड थांबला. फटाके संपले. दीड हजार माणसं स्टेजकडं तोंड करून गप्प झाली. साहेब बोलणार म्हटल्यावर लहान पोरांच्या तोंडावरसुद्धा हात ठेवले गेले. घोळक्यातला तुरा हळूहळू खाली खाली जात दिसेनासा झाला; माझा दोस्त गुडघ्यावर बसला होता. माझ्या हातात माईक, समोर शांतता. पाठीमागं नवरी उभी, तिचं बघणं मला मानेवर जाणवत होतं. मी माईकवर फुंक मारली. दुसरं काय करणार? परत फुंक मारली. एक म्हातारा म्हणाला, "आरं, साहेबाला वाट तरी द्या!" लोकांनी वाट दिली. रिकामी वाट. वाटेच्या त्या टोकाला एक शेळी.

तेवढ्यात धापा टाकत, टोपी वाकडी झालेली, घामानं निथळत नवऱ्या मुलाचे वडील स्टेजवर चढले. हातात हार नव्हता. मला वाटलं, आता पहिली चपराक. मी गाल आवळला. त्यांनी माझ्या हातातला माईक ओढला आणि म्हणाले,

"हार घातला म्या साहेबांला! साहेब म्हणले, भाषण नगं, आधी लगीन लावा! लई घाईत हायत, गाडीत जाऊन बसलेत."

हार कुठं गेला होता ते मला नंतर कळलं. गर्दीत त्यांना साहेबांपर्यंत पोचताच आलं नव्हतं, म्हणून त्यांनी तो तुऱ्याच्या दिशेनं फेकला होता आणि तो आचाऱ्याच्या गळ्यात पडला होता. आचारी बिचारा पुऱ्या तळायला घेऊ का विचारायला आला होता. पण साहेबांचा खास माणूस साहेबांपर्यंत पोचला नाही, हे गावासमोर कसं कबूल करायचं? मी माझ्या धंद्याचा मोठा गर्व करत होतो. तिथं माझा गर्व उतरला. त्यांनी साहेबांच्या तोंडी वाक्यसुद्धा घातलं, तेही न अडखळता!

टाळ्यांचा कडकडाट झाला. भाषण न करणारा पुढारी आमच्या तालुक्यानं पहिल्यांदाच बघितला होता, म्हणजे बघितला नव्हता. बायाबापड्या म्हणत होत्या, "किती साधा माणूस बाई!"

"गुरुजी!" मी ओरडलो. "छोटं माप!"

गुरुजींना कळायला वेळ लागला नाही. त्यांनाही सकाळपासून चहाखेरीज काही मिळालं नव्हतं. अंतरपाट धरला, सावधान झालं, अक्षता उडाल्या. सप्तपदी तर अशी झाली की नवरा-नवरीला सात पावलं टाकताना मागं बघायची सवड मिळाली नाही. मंगळसूत्र, हार, नमस्कार. बाकीचे विधी संध्याकाळी, असं मुलीच्या वडिलांनी जाहीर केलं. दिवसभरात त्यांनी स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य. दोन वाजून पंचवीस मिनिटांनी जीप हलली. मुलगा गाडी चालवत होता, फेट्यासकट. नवरीनं शालूच्या निऱ्या एका हातात धरल्या होत्या, दुसऱ्या हातात निळी फाईल. जाताना तिनं माझ्याकडं बघून मान हलवली. मी उगाच रुमालानं डोळे पुसले, फटाक्याचा धूर होता म्हणून.

सव्वातीनला खरे साहेब आले.

पंगती उठल्या होत्या. माणसं निम्मी गेली होती, उरलेली मंडपाच्या सावलीत आडवी झाली होती. तीन पांढऱ्या गाड्या आत शिरल्या आणि नवऱ्या मुलाच्या वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी फेटेवाल्याकडं बघितलं. तो सोफ्यामागं गेला होता.

मी माईक उचलला. आता काय सांगायचं? साहेब आले म्हणायचं तर मघाशी कोण आलं होतं? पण जीभ माईकवाल्याची, तिनं वाट काढली. "मंडळी! वधूवरांवरच्या प्रेमापोटी साहेब आज दुसऱ्यांदा आपल्यात आलेले आहेत! एकाच लग्नाला दोनदा येणारा नेता जिल्ह्यात दुसरा नाही!"

आडवी झालेली माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली. साहेब गाडीतून उतरता उतरता थबकले. मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो, म्हणून ऐकलं. त्यांनी शेजारच्या कार्यकर्त्याला हळूच विचारलं, "आपण हितं येऊन गेलो का रं?"

"असंल साहेब," कार्यकर्ता म्हणाला. "सकाळपास्नं सात झाले. कोणतं कोणतं ध्यानात ऱ्हातंय?"

साहेबांनी मान डोलावली. मग स्टेजवर आले, दोन्ही हात जोडले आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "पहिल्यांदा घाईत होतो. मनाला चुटपुट लागली, म्हणून परत आलो." पुढं ते पंधरा मिनिटं बोलले. मघाशी टाळलेलं भाषणही त्यांनी भरून काढलं. मला माझ्या धंद्याची लाज वाटायची ती त्या दिवसापासून जरा कमी झाली. आमच्याहून वरच्या पायरीवरही हेच चाललंय म्हटल्यावर काय!

गाड्यांचा धुरळा खाली बसला. नवऱ्या मुलाचे वडील माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आवाज खाली आणून म्हणाले, "सर, खरं सांगा. साहेब पहिल्यांदा कवा आलते?"

"तुमी हार घातला तवा," मी म्हणालो.

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग धप्पकन सोफ्यावर बसले. मीही बसलो, जरा अंतर ठेवून. चारला दहा कमी होते. नोकरीचं काय एवढं म्हणणाऱ्या त्या माणसानंच मुलाला फोन लावला. लागला नाही. परत लावला. मुलीचे वडील मंडपाच्या खांबाला धरून उभे होते. फेटेवाला सोफ्यामागून बाहेर येऊन खाली मातीत बसला. चार वाजले. मला उगाच वाटत होतं की जीप पंक्चर झालीय, आणि तसं झालं तर दोष माझाच: मी माती खाऊन तीन-चार मिनिटं नुसत्या फुंका मारण्यात घालवली होती.

सव्वाचारला त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, उभे राहिले. "हां... हां... कवा?... चारला सात कमी?... घेतले का समदे कागद?... सही झाली?... आन मग फोन कावून उचलत नव्हता बे!" मग त्यांनी फोन खाली केला आणि मुलीच्या वडिलांकडं बघितलं. "लागली," एवढंच म्हणाले. मुलीच्या वडिलांनी मान हलवली, पण या वेळी ती हलायची थांबतच नव्हती.

नवऱ्या मुलाचे वडील माझ्याकडं आले आणि हात पुढं केला. "सर, माईक द्या."

मंडपात आता कोण होतं? सतरंज्या गुंडाळणारी चार माणसं, टोप घासणाऱ्या दोन बायका, आचारी अजून गळ्यात हार घालून बिडी ओढत होता. मी वायरी काढून पेटीत भरल्या होत्या. त्या परत बाहेर काढल्या, जोडल्या. माईक खरखरला.

"मंडळी," ते म्हणाले आणि गडबडले. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. "मंडळी, आमच्या सूनबाई... आमच्या घरच्या सूनबाई... सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागल्यात. आत्ताच. मी स्वतः फोनवर ऐकलं."

टोप घासणाऱ्या बायकांनी हात थांबवले. त्यातली एक म्हणाली, "खरं का वो?"

"खरं!" ते म्हणाले. मग माईकवर हात ठेवून माझ्याकडं वळले. "सर, आवाज वाढवा की जरा. गावाच्या त्या टोकापस्तोर जाऊ द्या."